चालू वकिली थांबवून लेखन आणि साधना: सनद, पक्षकार आणि मिळकत यांचे काय करावे?

गोदाकाठची_वकील (नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिक जिल्हा न्यायालयात दिवाणी बाजूला वकिली करते. वाटपाचे दावे, मनाई हुकुमाचे अर्ज, दरखास्ती (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज) आणि मधूनमधून द्राक्ष बागायतदारांचे न वटलेल्या धनादेशांचे खटले असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. वकिली थांबवून पूर्ण वेळ लेखन करावे आणि उरलेला वेळ साधनेला द्यावा, असा विचार गेली काही वर्षे मनात आहे. आता तो इतका पक्का झाला आहे की त्याविषयी केवळ घरातल्या माणसांशी बोलून भागत नाही.

व्यवसायावर चिडून मी हे लिहीत नाही. उलटतपासणी मला चांगली जमते, आणि माझी अडचण तिथेच आहे. साक्षीदाराच्या बोलण्यातली फट शोधण्याची सवय चेंबरला कुलूप लावल्यावर थांबत नाही. पहाटे ध्यानाला बसले की मी माझ्याच मनाला प्रश्न विचारू लागते, आणि लिहायला बसले की समोरचे वकील हे वाक्य कसे खोडून काढतील या विचाराने प्रत्येक वाक्य इतके सावध होते की त्यात काही उरत नाही. इगतपुरीचे दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केल्यापासून मी नियमाने बसते. ज्ञानेश्वरीचे वाचन सासूबाईंमुळे घरात पूर्वीपासून आहे.

लेखनाचा विषय ठरलेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला आपला वाटा सोडून बहिणींनी भावांना करून दिलेल्या हक्कसोडपत्रांवर मला पुस्तक लिहायचे आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाचा, म्हणजे मुलासारखाच जन्मजात वाट्याचा, हक्क दिला, २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात सही करून देणाऱ्या बहिणी मला आजही दिसतात, आणि त्या सही का करतात याचे उत्तर कोणत्याही निकालपत्रात नाही. या विषयावरचे माझे दोन लेख दिवाळी अंकांत आले आहेत, पण पुस्तक तारखांच्या मधल्या वेळात होणारे नाही.

यजमान अंबड औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, मुलगी अकरावीत आहे आणि घराचे कर्ज फिटले आहे. बार रूममध्ये हा विषय काढला तर सिंहस्थाच्या तोंडावर भूसंपादनाची कामे येणार असताना कोण सोडते, असे ऐकावे लागते. मला विचारायचे आहे ते असे: सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी की तशीच ठेवावी, चालू प्रकरणांतून कसे बाहेर पडावे, लेखनाकडून मिळकतीची कितपत अपेक्षा धरावी, आणि हा केवळ थकवा आहे की खरी ओढ आहे हे कसे ओळखावे? ज्यांनी या वाटेने काही अंतर चालून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सनद_कपाटात (नाशिकरोड)

वकील मॅडम, मी सनद स्थगित केलेला माणूस आहे, म्हणून तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो. शेवटच्या प्रश्नावर बोलण्याचा माझा अधिकार नाही.

केवळ लिहिण्यासाठी सनद स्थगित करण्याची गरज नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांपैकी ४९ वा नियम वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करू देत नाही, परंतु ५१ वा नियम जाहिरात आणि पूर्ण वेळ नोकरी यांबाबतचे निर्बंध पाळून पत्रकारिता, व्याख्याने, प्रसारण आणि अध्यापन यांना स्पष्ट मुभा देतो, मग विषय कायद्याचा असो वा नसो. एखाद्या प्रकाशनसंस्थेत किंवा वृत्तपत्रात पूर्ण वेळ पगारावर रुजू होणार असाल तर गोष्ट वेगळी. स्थगिती घ्यायचीच असेल तर मूळ सनदेसह नोंदणीकृत टपालाने महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला कळवावे लागते. पुन्हा सुरू करताना अर्ज आणि अधिवक्ता अधिनियमाच्या कलम २४ अ खाली कोणतीही अपात्रता ओढवलेली नाही असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. म्हणजे परतीचे दार बंद होत नाही, पण मधल्या काळात वकीलपत्र दाखल करणे तर सोडाच, फी घेऊन सल्ला देणेही थांबवावे लागते. मला ते हवे होते, कारण कुणी विचारले की नाही म्हणणे मला जमत नाही. तुम्हाला जमत असेल तर सनद कपाटात राहू द्या.

चालू प्रकरणांचे काम याहून पुष्कळ अवघड आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नियम ४ प्रमाणे एकदा दाखल झालेले वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने लेखी रद्द होईपर्यंत चालूच राहते. फाईल दुसऱ्या वकिलांच्या हाती दिली म्हणजे तुम्ही सुटलात असे होत नाही. शिवाय बार कौन्सिलच्या नियम १२ प्रमाणे सबळ कारण आणि पक्षकाराला वाजवी मुदतीची नोटीस या दोन्ही गोष्टी लागतात, आणि जी फी कामाने फेडलेली नाही ती परत करावी लागते. राहिलेल्या फीसाठी कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितले आहे. ही पक्षकाराच्या बाजूची सोय असली तरी निघणाऱ्या वकिलालाही ती उपकारक ठरते, कारण थकबाकीचा हिशेब धरून बसलेला माणूस कधीच निघत नाही.

माझी पद्धत अशी होती: पुरावा सुरू झालेली आणि युक्तिवादावर आलेली प्रकरणे स्वतः संपवायची आणि ज्यांत अजून कैफियतच (प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल व्हायची आहे ती सोपवायची. कोणाकडे सोपवायची हे पक्षकार ठरवतो. आपल्या ज्युनिअरला सगळी कपाटे वारसाहक्काने देण्याची जी रीत आपल्याकडे आहे ती मला कधीच पटली नाही. या सगळ्याला दीड-दोन वर्षे सहज लागतात, आणि माझ्या मते सोडण्याचा निर्णय त्या काळातच खरा होतो किंवा गळून पडतो.

दिवाणी_बाजू (नाशिक)

मी वेगळे मत मांडतो, राग मानू नये. तुम्ही वकिली सोडू नये.

तुमचे पुस्तक ज्या बायकांविषयी आहे त्या तुम्हाला न्यायालयाच्या आवारात भेटल्या. चेंबरचे कुलूप कायमचे लागले की त्या भेटणार कुठे? नरेंद्र चपळगावकरांनी वकिली केली, नंतर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद सांभाळले आणि विपुल लेखन केले. २०२३ च्या वर्धा साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. सोडणाऱ्यांत न. चिं. केळकरांचे नाव हटकून घेतले जाते, परंतु केळकर साताऱ्याची वकिली सोडून १८९६ मध्ये पुण्याला आले ते टिळकांच्या हाताखाली ठरलेल्या कामावर आले, रिकाम्या खोलीत येऊन बसले नाहीत. आपल्या गावात तर असा विषय निघाला की कुणीतरी टाकळीचे आणि समर्थांच्या बारा वर्षांच्या तपाचे उदाहरण देतोच. समर्थ टाकळीला आले तेव्हा त्यांच्या नावावर कुणाचे वकीलपत्र नव्हते.

काम कमी करा. नव्याने पुराव्याची प्रकरणे घेऊ नका, मध्यस्थीची कामे घ्या, विधी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवा, आणि आठवड्यातले दोन दिवस बोर्डावर काहीच नसेल अशी व्यवस्था करा. उलटतपासणीची सवय मनाला लागली म्हणता, तर ती सवय दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या बहिणीला योग्य प्रश्न विचारायला उपयोगी पडणार नाही का? वाक्ये सावध होतात ही तक्रारही मला फारशी गंभीर वाटत नाही. बेसावध वाक्यांची मराठीत टंचाई नाही.

मुद्रितशोधक (गंगापूर रोड)

ग्रंथप्रकाशनाच्या क्षेत्रात संपादनाचे काम करते, म्हणून मिळकतीविषयी रोखठोक लिहिते. मराठी वैचारिक पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची निघाली, किंमत तीनशे रुपये ठेवली आणि रॉयल्टी दहा टक्के ठरली, तर संपूर्ण आवृत्ती खपल्यावर लेखिकेच्या हाती तीस हजार रुपये येतात. ही आवृत्ती वर्षभरात संपली तर प्रकाशक पेढे वाटतो. दोन-तीन वर्षे लागली तरी कुणाला नवल वाटत नाही. अलीकडे पाचशे प्रतींच्या आवृत्त्याही सर्रास निघतात. दिवाळी अंकांचे मानधन तुम्हाला ठाऊकच आहे. तात्पर्य, तुमच्या एका वाटपाच्या दाव्याची फी ही तुमच्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा मोठी असण्याची शक्यता आहे, आणि पुस्तकाला त्या दाव्याहून कमी श्रम पडत नाहीत. यजमानांच्या पगारावर घर चालणार असेल तर तसे उभयतांनी उघड बोलून ठरवावे. लेखनाने घर चालेल ही आशा मनाच्या कोपऱ्यातही ठेवू नये, कारण ती आशा पुस्तकाला घाई करायला लावते.

मला याहून मोठी वाटणारी बाब वेगळीच आहे, आणि ती वरच्या दोन्ही उत्तरांत आली नाही. वकिली सोडली तरी पक्षकाराने विश्वासाने सांगितलेले तुमच्याकडून सुटत नाही. पूर्वीच्या साक्ष कायद्यातील कलम १२६ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम १३२ हे दोन्ही सांगतात की गोपनीयतेचे हे बंधन व्यावसायिक संबंध संपल्यावरही चालू राहते. म्हणजे तुमच्या चेंबरमध्ये एखादी बहीण जे बोलली ते तिच्या संमतीशिवाय पुस्तकात येऊ शकत नाही, मग तुमची सनद कपाटात असो वा बार कौन्सिलकडे. नावे बदलून हे साधत नाही. तालुका, पीक आणि भावांची संख्या एवढे तीन तपशील दिले तरी निफाड किंवा दिंडोरीत ते घर कोणते हे दहा माणसे सांगू शकतील.

यावर मार्ग आहे. स्थावर मिळकतीची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक १ मध्ये असतात आणि नोंदणी अधिनियमाच्या कलम ५७ प्रमाणे ठरलेली फी भरून ती कोणालाही पाहता येतात. ते कागद तुमचे, म्हणजे कोणाही नागरिकाचे आहेत. त्यांतली भाषा, मोबदल्याचा रकाना, 'स्वखुशीने' हे ठरलेले वाक्य, साक्षीदार म्हणून सही करणारा मेहुणा, या सगळ्यातून एक संपूर्ण प्रकरण उभे राहते. बायकांच्या मुलाखती मात्र नव्याने घ्याव्यात, ज्या तुमच्या पक्षकार कधीच नव्हत्या त्यांच्याच घ्याव्यात, आणि हे पुस्तकासाठी आहे असे पहिल्याच भेटीत सांगून घ्याव्यात. दिवाणी_बाजू यांना म्हणूनच सांगावेसे वाटते की या विशिष्ट पुस्तकासाठी चेंबर उघडे असण्याचा फायदा त्यांना वाटतो तेवढा नाही. वकील म्हणून समोर बसलेल्या बाईला वही उघडलेली चालत नाही.

इगतपुरीकर

मी साधनेपुरते बोलेन. माझ्या मते प्रश्नात दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत, आणि त्या एकमेकींना टोचतात.

तुम्ही शिबिर केले आहे, त्यामुळे तिथल्या नियमांमागचा हेतू तुम्हाला ठाऊक असेल. पहाटे चारला घंटा होते, दिवसाकाठी सुमारे दहा तास बसायचे असते, दहाव्या दिवसापर्यंत मौन असते, आणि त्या काळात वाचायला पुस्तक नाही की लिहायला वही नाही. वहीची ही बंदी लिहिणाऱ्या माणसाला फार जाचते. संवेदना उठते, राहते, जाते आणि तिच्याविषयी काहीही न म्हणता तिला जाऊ द्यायचे असते. लिहिणाऱ्याचे काम बरोबर उलटे आहे, तो जाणाऱ्या गोष्टीला थांबवून तिच्यावर वाक्य रचतो. दोन्ही कामे एकाच माणसाने करू नयेत असे मी म्हणत नाही. परंतु लेखन हीच माझी साधना असे म्हणून जे सुरुवात करतात त्यांची बैठक हळूहळू सुटते आणि लेखन मात्र चालू राहते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. बसण्याची वेळ आणि लिहिण्याची वेळ यांच्यात अंतर ठेवा. बसताना सुचलेले वाक्य उठून टिपण्याचा मोह होतो. टिपू नका. राहायचे असेल तर राहील.

आणखी एक. मनाची उलटतपासणी वकिलीमुळे सुरू झाली असे तुम्ही गृहीत धरले आहे. वकिली थांबल्यावर साक्षीदार बदलेल, तपासणी थांबेलच असे नाही. ती थांबावी म्हणून व्यवसाय सोडणार असाल तर निराशा पदरी येण्याचा संभव आहे. पुस्तक लिहायचे आहे म्हणून सोडणार असाल तर ते कारण साधे आणि पुरेसे आहे, त्याला अध्यात्माचा आधार देण्याची गरज नाही.

माझ्या ओळखीचे एक वकील दरवर्षी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला चालत जातात. ज्येष्ठात पालखी निघते तेव्हा न्यायालयाची उन्हाळी सुट्टी संपलेली असते, त्यामुळे आधीपासून प्रत्येक प्रकरणात पुढची तारीख मागून घेण्याची त्यांची खटपट पाहण्यासारखी असते. त्यांना कधी सोडावेसे वाटले नाही. हे उदाहरण तुम्ही सोडू नये म्हणून देत नाही. त्यांना फक्त चालायचे असते, पुस्तक लिहायचे नसते, म्हणून त्यांचे भागते.

वकिलाचा_नवरा (सिडको)

पत्नीने काही वर्षांपूर्वी फौजदारी वकिली थांबवली, म्हणून घरातले थोडे सांगतो. पैशाची तंगी आम्ही धरून चाललो होतो, तीही अपेक्षेइतकी आली नाही. जे धरले नव्हते ते असे की कोट उतरल्याबरोबर तिचा सगळा दिवस नातेवाइकांना मोकळा दिसू लागला. गॅसचा सिलिंडर, आईची डोळ्यांची तपासणी, भाचीच्या प्रवेशाचे अर्ज, 'घरीच असतेस ना' म्हणून सगळे तिच्याकडे. ती न्यायालयात जात होती तेव्हा हीच कामे आम्ही तिघे वाटून करत होतो. शेवटी तिने सार्वजनिक वाचनालयात रोज सकाळी जाऊन बसायला सुरुवात केली आणि घरी येण्याची वेळ पूर्वीचीच ठेवली. १८४० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने नाशिकमधल्या आणखी किती जणांना घरापासून वाचवले असेल कोण जाणे.

ताई, तुमच्या हक्कसोडीच्या विषयावरून एक मनात आले. सही करणाऱ्या बहिणींना कुणी विरक्त म्हणत नाही, त्यांनी सोडावे हे घराने गृहीतच धरलेले असते. तुम्ही मिळकत सोडताना घरात काय काय गृहीत धरले जाणार आहे ते आधी कागदावर मांडून घ्या, आणि त्यात यजमानांचीही सही असू द्या.

गोदाकाठची_वकील

सर्वांचे मनापासून आभार. कलम १३२ मला पाठ आहे, पण माझ्याच पुस्तकाच्या बाजूने ते कधी वाचले नव्हते. आराखड्यातली तीन प्रकरणे त्यामुळे गळतील आणि ती गळली तरी पुस्तक उभे राहील असे वाटते. नोंदणी कार्यालयातले कागद हा त्याचा कणा करते. इगतपुरीकर यांचे म्हणणे आवडले नाही, परंतु त्याला उत्तर सापडत नाही. पहाटेची बैठक आणि लेखन यांच्यामध्ये निदान स्वयंपाक तरी येईल असे वेळापत्रक लावते.

दिवाणी_बाजू, सनद स्थगित करत नाही, एवढे तुमचे ऐकते. नवीन वकीलपत्र मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर घेणार नाही, भूसंपादनाची कामे आली तरी नाही. घरातल्या गृहीतांचा कागद काल रात्री लिहायला घेतला. यजमानांनी त्यात दोन कलमे स्वतःहून वाढवली आणि एकावर हरकत नोंदवली आहे.

एक अडचण उरते. वाटपाच्या एका दाव्यात वादी बाई सत्तरीच्या पुढच्या आहेत, पुरावा नुकताच सुरू झाला आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही वकिलांचे नाव काढले की त्या फाईल उचलून घरी निघतात. त्यांचे काय करावे?

सनद_कपाटात

त्यांची साक्ष आणि उलटतपासणी होईपर्यंत तुम्हीच उभ्या राहा, तिथे बदल करू नका. त्यांना आवडेल असे सहकारी आतापासून निवडून, तुमच्या लेखी संमतीने त्यांचेही वकीलपत्र दाखल करून घ्या, म्हणजे आधीच्या वकिलाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला उभे राहू न देणाऱ्या बार कौन्सिलच्या नियम ३९ चा प्रश्न येणार नाही. प्रत्येक तारखेला त्या सहकाऱ्यांना सोबत न्या, मुदतीचे किरकोळ अर्ज त्यांच्याकडून चालवून घ्या आणि कागद समजावून सांगताना त्यांनाच बोलू द्या. आजी पुढच्या तारखेची चौकशी करायला तुमच्याऐवजी त्यांना फोन करू लागल्या की तुमचे वकीलपत्र मागे घेण्याची पुरसिस (न्यायालयाला लेखी निवेदन) द्या, त्याआधी नाही. फीचा हिशेब मात्र आजच लिहून आजींच्या मुलीला वाचून दाखवा.